डाव्या हाताचा दांडा

कूलर माळ्यावरून खाली आला की मला विमानं आठवतात.

मागच्या आठवड्यात यंदाचा कूलर खिडकीला लावला. जाळ्यांत नवं गवत भरून घेतलं, टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं. पहिली पाच मिनिटं तो नुसती धूळ फेकतो, मग गुरगुरतो, आणि एकदा पंख्याने जोर धरला की शेजारच्या खोलीतलं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. ओल्या गवताचा वास घरभर पसरला आणि दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा न बोलावता येऊन बसला. त्या उन्हाळ्यात अमरावतीतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीतून रोज दुपारी एक विमान उडत होतं. चालवणारे माझे बाबा. वय एकाहत्तर, अकोल्याला बत्तीस वर्षं लाल गाडीवर ड्रायव्हर, एकही अपघात नाही. हे शेवटचं ते स्वतःच सांगतात, कोणी विचारलं नसलं तरी सांगतात.

त्या वर्षी मार्चमध्ये आईचा अकोल्याहून फोन आला. बाबा तिला त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून बाजारात घेऊन गेले होते. भाजीच्या एका हातगाडीला घासून आले. घरी येऊन पाहतात तर डाव्या आरशात सांभाराची अख्खी जुडी अडकलेली. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बाबांचं म्हणणं, हातगाडी एकदम मधे घुसली. आईने वाद घातला नाही. चालकाशी बोलू नये अशी पाटी बसमध्ये असायची, ती तिने संसारातही लावून घेतली आहे. तिने जुडी निवडली, धुतली, चटणी वाटली आणि मग मला फोन केला.

मी दोघांना अमरावतीला बोलावून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. डावीकडचं जास्त गेलं. बाबांना हे पटेना, कारण पेपरातली बारीक अक्षरं ते चष्मा लावून घडाघडा वाचतात. मग ती तपासणी झाली, ज्यात एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं आणि ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबांनी दोन-चार ठिपक्यांत लय पकडली आणि पुढे दिसो न दिसो, त्या लयीत बटण दाबत राहिले. रिपोर्ट रद्द झाला. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा कागदावर डाव्या बाजूला काळा डाग उमटला, भिंतीवर ओल यावी तसा.

"मशीन खराब हाय," बाबा रिक्षात बसल्यावर म्हणाले. "समोरचं साफ दिसते ना मले. गाडी काय कोनी बाजूले चालवते?"

डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. मी सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसते. या आजाराचे थेंब मी रोज हातांनी देते, आणि गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही हे मला पाठ आहे. मला फक्त एक वस्तू हवी होती, त्या पांढऱ्या गाडीची किल्ली. आज आरशात सांभार अडकला, उद्या सांभार घ्यायला आलेलं कोणी अडकेल. हे मी बाबांना असंच, याच शब्दांत सांगितलं. बाबांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला. गाडी अकोल्यात कडुनिंबाखाली उभी, मालक अमरावतीत, आणि किल्ली मालकाच्या छातीवर. आंघोळीला जाताना ती बंडीतून निघून साबणाच्या डबीत जाई आणि आंघोळ झाली की परत बंडीत. दोन महिने थेंब आणि लेझरसाठी ते माझ्याकडे राहायला तयार झाले, पण अट घालून. थेंब टाकू देतील, किल्लीचं नाव काढायचं नाही.

एप्रिलच्या दुपारी अमरावतीत करायला काहीच नसतं. बारानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. गच्चीवर कुरडया एका तासात कडक होतात. माणसं डोक्याला दुपट्टा बांधून चोरासारखी घरात शिरतात. बाबा रोज सकाळी कुरकुर करत थेंब घालून घेत, पेपर संपवत आणि दुपारी पिंजऱ्यातल्यासारखे या खोलीतून त्या खोलीत फिरत. दोनदा मी त्यांना माझ्या स्कूटीच्या किल्लीकडे बघताना पकडलं.

मुलगी शिकायला पुण्याला गेली होती आणि तिचा मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत चादर पांघरून पडला होता. त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. फोनवर तिनेच सांगितलं, आजोबांना लावून दे. मी लावून दिला. बाबांनी पहिल्या दिवशी पडद्याकडे पाहिलं, मग खालच्या बटणांच्या पाटीकडे, मग माझ्याकडे.

"बाराखडी दाबून गाडी चालवते काय कोनी? दांडा कुठी हाय?"

त्या दांड्याला जॉयस्टिक म्हणतात आणि ती वेगळी आणावी लागते, असं मुलगी म्हणाली. मला वाटलं, काम एका संध्याकाळचं. त्यात पंधरा दिवस गेले.

राजकमल चौकापासून आत एका गल्लीत कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, शांत, दिवसभर गेम खेळणाऱ्यांशी बोलून बोलून आवाज खाली आलेला. त्याने पहिल्यांदा दोन्ही हातांत धरायची ती वाकडी वस्तू दिली, जिच्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन गुंड्या असतात. आणली. बाबांनी ती पाच मिनिटं हातात धरली आणि टीव्हीचं रिमोट म्हणून माझ्याकडे परत केली. त्यांचे अंगठे त्या गुंडीपेक्षा मोठे. एक गुंडी दाबायला गेले की दोन दाबल्या जात आणि विमान जमिनीत जाई.

दुसऱ्या खेपेला मी त्यांनाच घेऊन गेले. संध्याकाळी साडेसहाला, ऊन उतरल्यावर, ऑटोने. दुकानदाराने काचेच्या काउंटरवर एक मोठी, ऐटबाज जॉयस्टिक ठेवली. बाबांनी स्टूल ओढलं, पाठ ताठ केली आणि डावा हात तिच्यावर ठेवला. हात बसेना. ती मूठ उजव्या हातासाठी घडवलेली होती. अंगठ्याची खाच नेमकी उलट बाजूला.

"अंकल लेफ्टी हैं?" दुकानदाराने मला विचारलं.

"लेफ्टी नाई, डायवर हाय," बाबांनी उत्तर दिलं.

मग मला समजावून सांगावं लागलं. बसमध्ये उजवा हात स्टेअरिंगवर असतो आणि गिअर डाव्या हाताने पडतो. बत्तीस वर्षं बाबांच्या डाव्या तळहाताने तो लांब लोखंडी दांडा ओढला आणि ढकलला. अजून तिथे घट्टा आहे. दांडा म्हटला की तो डाव्याच हातात. दुकानदार म्हणाला की विमानातही काही पायलट डाव्या हाताने चालवतात, पण बाजारात येतं ते बहुतेक उजव्यांसाठी. बाबांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मग त्यांनी त्या उजव्या मुठीलाच डाव्या हाताने पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर टाकून पाहिले. तिसऱ्याला जॉयस्टिक बुडासकट काउंटरवरून उठली.

"काका, हळू. प्लास्टिक आहे."

"हे तं ढिल्लं हाय. पावशेर जोर लागून नाई राहिला. पॅसेंजर पडतीन याच्यानं."

नंतर बटणं. दुकानदाराने मोजून दाखवली, बारा. कॅमेऱ्याचं, ब्रेकचं, चाकं वर घ्यायचं, आणि आणखी कशाकशाचं, आपल्याला हवं ते काम कोणत्याही बटणाला लावून घेता येतं. बाबांनी त्यात हॉर्नचं कोणतं ते विचारलं. विमानाला हॉर्न नसतो, असं दुकानदाराने सांगितलं. मग पुढच्याला कळतं कसं, असा त्यांचा सवाल. पुढे कोणी नसतंच, असं दुकानदार म्हणाला. हे ऐकून मात्र बाबांचा चेहरा सैल झाला. आकाशाबद्दल त्यांचं मत तिथपासून चांगलं झालं.

त्या दुकानात मी जे शिकले ते सांगते, कोणाच्या कामी पडेल. मूठ दोन्ही हातांना चालणारी घ्यावी. आतली स्प्रिंग कडक घ्यावी, नाहीतर हात नुसता लागला की विमान मान टाकतं. बूड जड हवं. दांडा मधोमध असताना थोडी ढील चालते, जास्त नाही. काही दांडे स्वतःभोवती गोल फिरतात आणि त्याने विमानाचं नाक वळतं. बाबांच्या मते फिरणारा गिअरचा दांडा म्हणजे तुटलेला दांडा, म्हणून ते फिरणं कुलूप लावून बंद करता येतं की नाही तेही विचारून घ्यावं. आणि मुठीच्या डोक्यावर अंगठ्याखाली एक छोटी टोपी हवी. ती डावीकडे ढकलली की पडद्यावर डावीकडचं दृश्य येतं, उजवीकडे ढकलली की उजवीकडचं. टोपीला मात्र बाबांनी हरकत घेतली. बाजूला बघायला अंगठा कशाला, मान नाही का आपल्याला. दुकानदार म्हणाला, मान फिरवली तर काका, तुम्हाला खिडकी दिसेल, घरची.

अशी सगळी लक्षणं असलेली जॉयस्टिक दुकानात नव्हती. ती मागवली आणि आठ दिवसांनी आली. काळी, ठेंगणी, दिसायला अगदीच साधी. बाबांनी डाव्या हातात घेतली, ओढली, सोडली. "हां," म्हणाले. बाबांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता ती बसवायची कुठे? खाली रबराच्या वाट्या होत्या, टेबलाला चिकटायला. पण टेबलावर मी मेणकापड घातलेलं, वाट्या मेणकापडासकट उठत. शेवटी माझ्या शिलाई मशीनचं टेबल पुढे ओढलं, मशीन आत दुमडलं आणि सुताराचे दोन लोखंडी शिकंजे लावून जॉयस्टिक त्याला करकचून आवळली. पाय ठेवायला खाली पायडल होतंच. बाबांनी त्याला ब्रेक ठरवलं. त्याचा विमानाशी काही संबंध नव्हता, पण उतरताना ते जोरात दाबत आणि रिकामं चाक गरगर फिरे.

मग पुढचे दिवस. मी अडीचला दवाखान्यातून घरी येई तेव्हा मागच्या खोलीतून दोन आवाज येत, एक कूलरचा आणि एक विमानाचा. कोणता कोणाचा ते ओळखू येत नसे. बाबा पांढरा शर्ट घालून बसलेले. आई मागे पलंगाच्या काठावर, मांडीवर सुपात निवडायचे तांदूळ. बाबा निघण्याआधी मागे वळून बघत. आई तांदळातून डोकं न काढता सुपावर दोनदा टिचकी मारी. मगच विमान हले. कंडक्टरच्या दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही हे बाबांच्या हाडात होतं आणि आईला ते लग्नापासून माहीत होतं.

अकोला ते अमरावती हा त्यांचा रस्ता. खेळात दोन्हीकडची धावपट्टी होती. आकाशातून सरळ रेषेत जाता येतं, मी त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हायवे धरून गेले. बोरगाव मंजूवरून वळण, मूर्तिजापूरला खाली येऊन परत वर. मी विचारलं, इथे कशाला खाली? तर मूर्तिजापूर असं सोडून कसं देता येईल म्हणाले, तिथे माणसं उभी असतात. खेळ बनवणाऱ्यांवर त्यांचा राग होता तो वेगळाच. बाबांचं जन्मगाव बाळापूर. एक दिवस मुद्दाम तिकडे विमान नेलं तर दोन नद्या होत्या, त्यांच्यामधला किल्ला नव्हता. नुसती उतरत्या छपरांची परदेशी घरं. बाबांनी गावावर तीन घिरट्या घातल्या. एवढा मोठा किल्ला चोरीला गेला आणि कोणी रपट लिहिली नाही, असं ते आईला म्हणाले.

आणि लाईन. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी लाईन जाते. इन्व्हर्टरवर पंखा चाले, कॉम्प्युटर नाही. विमान बडनेऱ्यावर आलेलं असताना पडदा काळा होई, कूलर आचके देत थांबे आणि एकदम एवढी शांतता पसरे की शेजारणीच्या घरातलं भांडण ऐकू येई. बाबा हात दांड्यावरच ठेवून बसत. अर्धा तास, पाऊण तास. लाईन येईपर्यंत गाडी सोडून जाणं त्यांना बरोबर वाटत नसे. आई त्यांना तिथेच कैरीचं पन्हं आणून देई.

हे सगळं मजेचं होतं, आणि किल्ली बंडीतच होती. मे लागला. लेझर झालं. अकोल्याला परतायची भाषा सुरू झाली. परत गेल्यावर गाडीची बॅटरी चार्ज करून घ्यावी लागेल, असं बाबा जेवताना म्हणाले. मी पंधरा दिवस खपून एक दांडा शोधून आणला होता तो त्यांचं मन रस्त्यावरून काढायला, आणि दांड्याने त्यांचा हात उलट तयार झाला होता.

बुद्धपौर्णिमेची दुपार. सकाळी विहारात जाऊन आलो होतो. आई पांढऱ्या साडीत, हातात खिरीची वाटी. मला सुट्टी, म्हणून मीही त्या खोलीत कूलरसमोर बसलेले. बाबा अमरावतीच्या धावपट्टीवर उतरायच्या बेतात होते. हात छान स्थिर. मी हे मनापासून सांगते, दांडा चालवावा तर त्यांनी.

पडद्याच्या डाव्या बाजूने एक लाल-पांढरं छोटं विमान कडेच्या रस्त्यावरून धावपट्टीकडे येऊ लागलं. हळू, चांगलं दिसेल असं. मला दिसलं. आईला दिसलं.

"अजी, डावीकडून येऊन राहिलं ना ते," आई म्हणाली. चालत्या गाडीत ती बोलली, हे माझ्या लक्षात नंतर आलं.

"कोन?"

"ते इमान. लाल."

"कुठी?"

पडद्याचा पाव भाग त्या विमानाने व्यापला होता. बाबा समोर बघत होते, एकटक. मग त्यांनी अंगठ्याने ती टोपी डावीकडे ढकलली. दृश्य सरकलं आणि ते लाल विमान पडद्याच्या मधोमध आलं, एवढं मोठं की त्याच्या खिडक्या मोजता याव्यात. बाबांनी दांडा पोटाकडे ओढला. शिकंजे कुरकुरले. विमान वर चढलं, फिरून आलं आणि दुसऱ्या खेपेला अलगद टेकलं. पायडल त्यांनी दाबलं नाही.

कूलर चालू होता. बाबांनी टोपी उजवीकडे ढकलली, मधे आणली, परत डावीकडे ढकलली. असं चार-पाच वेळा. दिसत नव्हतं ते अंगठ्याने समोर आणून ते बघत होते. तो कागदावरचा काळा डाग त्यांनी मशीनच्या माथी मारला होता. या पडद्यात मात्र त्यांची गाडी होती आणि त्यांचा हात.

मग मान न वळवता त्यांनी आईला विचारलं, "ते सांभारवाल्याची हातगाडी, अशीच आली होती काय?"

आईने खिरीचा चमचा वाटीत ठेवला.

"आली नोती. उभी होती."

बाबांनी मान हलवली. खीर मागून घेतली, खाल्ली, वाटी आईकडे दिली. तोंड पुसलं. मग बंडीत हात घालून किल्ली काढली आणि शिलाई मशीनच्या टेबलावर, दांड्याच्या शेजारी ठेवली. मी हात पुढे केला नाही. औषधाच्या खिडकीवर वीस वर्षं बसून एक कळतं, समोरचा देत असेल तेव्हा घाई करू नये.

"नंदे," ते म्हणाले, "तुले येते काय चारचाकी?"

मला येत नव्हती. मी स्कूटीवर सुखी होते. पन्नाशी जवळ आलेली, आणि अकोल्यात कडुनिंबाखाली उभा असलेला तो खटारा चालवायला शिकायची मला काडीची हौस नव्हती. गाडी विकून टाकू, असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात आईने पाठीमागून माझ्या दंडाला चिमटा काढला.

"येत नाही," मी म्हटलं. "शिकवा."

पुढच्या आठवड्यापासून दर रविवारी अकोल्याच्या एका मोकळ्या मैदानावर माझी पहाट होऊ लागली. त्यांच्यासारखा वाईट मास्तर मी पाहिला नाही. क्लच सोडताना एक इंच चुकला की मी बह्याड, म्हणजे बिनडोक, आरसा बघायचा राहिला की मी आंधळी. हा शब्द ते स्वतः वापरत आणि स्वतःच गप्प होत. मग दुप्पट मोठ्याने ओरडत. परवान्याच्या परीक्षेला त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. मी पहिल्या खेपेला नापास झाले. दोष त्यांनी साहेबाला दिला.

मागच्या रविवारी मी त्या दोघांना उन्हाळ्यासाठी अमरावतीला घेऊन आले. आई मागे, बाबा माझ्या डावीकडे. कमकुवत बाजू खिडकीकडे, चांगली बाजू माझ्याकडे, त्यामुळे मी काय करते ते सगळं त्यांना दिसतं. बोरगाव मंजूपर्यंत त्यांची सूचनावली चालू होती. ट्रकच्या मागे एवढी नको. त्याला जाऊ दे. त्याला जाऊ देऊ नको. मी एक-दोनदा उत्तर दिलं, मग सोडून दिलं.

मूर्तिजापूर गेलं. बाबा गप्प. मला वाटलं, रुसले. दोन-चार किलोमीटरनंतर नजर वळवली तर मान खांद्यावर, तोंड उघडं, डावा हात मांडीवर उताणा. आईने आरशातून मला खूण केली, झोपलेत. बत्तीस वर्षांत आणि नंतरच्या तेरा वर्षांत दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत या माणसाचा डोळा लागल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्येही ते रात्रभर ड्रायव्हरच्या मागे उभे होते.

बडनेऱ्याच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या. मी पाय हळूहळू उचलला, गिअर उतरवला, क्लच जपून सोडला. बाबांची मान थोडी हलली आणि परत खांद्यावर गेली. ते उठले नाहीत.